जूनचा बूट आणि एप्रिलचे ऊन



यवतमाळमधली ही व्याख्यानमाला एका प्राथमिक शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते. जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेल्या माणसाच्या नावाने बोलायचे, तर विषय मुलांच्याच कामाचा असावा, असे मला वाटले. मी लहान मुलांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. म्हणून आज मी मुलांच्या उन्हाळी पादत्राणांवर बोलणार आहे. मुलांच्या पायांत उन्हाळ्यात काय असते, काय असायला हवे, आणि या दोहोंत अंतर पडते तेव्हा त्यांना काय सोसावे लागते, हे मला तुमच्यापुढे मांडायचे आहे. कुणाला हा विषय लहान वाटेल. पण होळी तोंडावर आली आहे, आणि होळीनंतर आपल्याकडे ऊन कसे चढते ते तुम्हाला सांगायला नको. पुढच्या तीन महिन्यांत तळवे भाजलेली, पायात काटा मोडलेली, मोटारसायकलच्या चाकात टाच गेलेली मुले जिल्ह्यातल्या दवाखान्यांत येतील. यांतल्या बहुतेक इजा टाळता येण्याजोग्या आहेत. टाळता येणारी इजा मुलाला होऊ देणे, ही लहान गोष्ट नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यात मुलाच्या पायाला संरक्षणाची सर्वाधिक गरज मार्च ते जून या काळात असते, आणि नेमक्या याच काळात त्याच्या पायात सर्वांत वाईट पादत्राण असते. यात नशिबाचा भाग नाही. यामागे एक साधा हिशेब आहे, आणि तो हिशेब आपण बदलू शकतो.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, की सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमधल्या पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मोफत द्यायचे. त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले गेले. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. ज्या घरात तीन मुले आहेत आणि कापसाचे पैसे यायचे आहेत, त्या घराला एक जोडी बुटांचे मोल विचारा. पण हा बूट मिळतो शाळा उघडल्यावर. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. वाटप वेळेवर झाले, तरी एप्रिल उजाडेपर्यंत त्या बुटाला नऊ-दहा महिने होतात.

आता मुलाच्या पायाचा हिशेब बघा. तीन ते सहा वर्षांच्या वयात पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढते. पुढे वेग थोडा मंदावतो, तरी प्राथमिक शाळेतल्या मुलाचे पाऊल वर्षाला पाऊण ते एक सेंटिमीटर लांब होते. चपला-बुटांच्या एका नंबरात साडेआठ मिलिमीटरच्या आसपास अंतर असते. म्हणजे जूनमध्ये नेमका बसलेला बूट एप्रिलमध्ये एक नंबर लहान झालेला असतो. मधल्या काळात पावसाळ्याचा चिखल आणि हिवाळ्यातले खेळ त्यावरून गेलेले असतात. टाचेची शिलाई उसवलेली असते, तळ घासलेला असतो. १७० रुपयांच्या बुटाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणेही बरोबर नाही. मग मूल काय करते? मागची बाजू टाचेखाली दाबून बुटाची सपाता करते. किंवा बूट कोपऱ्यात टाकून मोठ्या भावाची स्लीपर घालते. किंवा अनवाणीच निघते. उन्हाळा सुरू होतो तो असा.

आठवडी बाजारातली चप्पल हा दुसरा मार्ग. आपल्या खेड्यांत मूल बाजारात येत नाही, त्याचे माप येते. आई दोऱ्याने किंवा काडीने पाऊल मोजून देते आणि बाप ती काडी खिशात घालून पांढरकवड्याच्या नाहीतर घाटंजीच्या बाजारात जातो. काडीला लांबी कळते. पायाची रुंदी कळत नाही, पायाचा चवडा कळत नाही. वर आपला सगळ्यांचा हिशेब ठरलेला असतो, की वाढते अंग आहे, दोन नंबर मोठीच घ्या. हा हिशेब काटकसरीचा आहे. मी त्याला दोष देत नाही. पण मुलाच्या पावलाच्या मागे दोन बोटे चप्पल लोंबत असेल, तर मूल चालताना ती धरून ठेवण्यासाठी पायाची बोटे आवळते, पाऊल पुरते न उचलता घासत चालते, आणि पळताना अडखळून पडते. टाचेला पट्टा नसलेल्या चपलेने चाल बदलते हे प्रौढांच्या बाबतीत मोजलेलेही आहे. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात असे दिसले, की साध्या स्लीपर घालून चालणारी माणसे बुटांपेक्षा आखूड पावले टाकतात. मुलाला तर पळायचे असते, झाडावर चढायचे असते, सायकलच्या मागे धावायचे असते.

असे पादत्राण घालून मूल ज्या जमिनीवर चालते, ती जमीन आता बघू.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हा हवेचा पारा, सावलीत मोजलेला. उघड्या डांबरी रस्त्याचे तापमान त्या वेळी ६० अंशांच्या पुढे गेलेले असते. कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते, हे हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी १९४७ मध्ये मोजून ठेवले आहे. ४४ अंशांना भाजायला सुमारे सहा तास लागतात, आणि ६० अंशांना सुमारे पाच सेकंद. तळव्याची कातडी जाड असल्याने थोडा अवकाश मिळतो, पण लहान मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते आणि त्याला लवकर पोळते. दुपारी तापलेला रस्ता अनवाणी ओलांडणाऱ्या मुलाच्या हाती काही सेकंदच असतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला तर तापलेल्या फरशीवरून पळून जाणेही सुचत नाही. ते जागीच उभे राहून रडते.

सकाळच्या शाळेतही एक धोका लपलेला आहे. उन्हामुळे आपण शाळा सकाळी भरवतो, आणि ते योग्यच आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस राज्यभर प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ अशी ठरली, आणि त्या वर्षी वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. मूल घरून साडेसहाला निघते तेव्हा जमीन गार असते. अनवाणी निघाले तरी कुणी टोकत नाही. तेच मूल सव्वाअकराला परत निघते तेव्हा रस्ता तापलेला असतो, आणि तांडा किंवा कोलामांचा पोड शाळेपासून दोन किलोमीटरवर असतो. सकाळच्या जमिनीवर विसंबून ठरवलेले पादत्राण परतीच्या वाटेवर उपयोगाचे नसते. म्हणून घरच्यांनी मुलाला निरोप देताना दुपारची वाट डोळ्यांपुढे आणली पाहिजे.

डांबर पाघळलेल्या जागी आणखी एक अपघात होतो. सैल चप्पल डांबरात चिकटते, पाय पुढे निघून येतो आणि उघडा तळवा डांबरावर पडतो. अशा वेळी चिकटलेले डांबर ओरबाडून काढू नका. कातडी सोबत येते. भाजलेल्या पायावर वीस मिनिटे साधे पाणी सोडा आणि दवाखान्यात या. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यांतले काहीही लावू नका. टूथपेस्टच्या थराखाली जखम किती खोल आहे, हे आम्हाला ती खरवडून काढल्याशिवाय कळत नाही, आणि तो त्रास मुलालाच होतो.

आता रस्त्यावरून चाकाकडे येतो, कारण माझ्या मते उन्हाळ्यातली सर्वांत क्रूर इजा ही आहे. लग्नसराई असते. मोटारसायकलवर वडील, मागे आई, मध्ये किंवा शेवटी मूल. मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबत राहतात. वाऱ्याने आणि हादऱ्यांनी सैल चप्पल निसटू लागते. ती सावरण्यासाठी मूल पाय आत ओढते, आणि टाच फिरत्या स्पोकांमध्ये जाते. सायकलच्या कॅरिअरवरही हेच घडते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर कितीतरी मुली धाकट्या भावंडाला मागे बसवून नेतात.

या इजेबद्दल एक गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवी. पहिल्या दिवशी जखम फसवी दिसते. टाचेमागे थोडे खरचटलेले, थोडी सूज. घरी हळद दाबून पट्टी बांधली जाते. पण आतले मांस चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये चिरडलेले असते. तीन-चार दिवसांत ती कातडी काळी पडते, सुटू लागते आणि खाली टाचेची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, उघडा पडतो. मग कातडी लावण्याची शस्त्रक्रिया आणि कित्येक आठवडे अंथरूण. म्हणून चाकात गेलेली टाच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, जखम कितीही लहान दिसली तरी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण हवे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. गाडी नवी दिसावी म्हणून ते काढून टाकणारी तरुण मुले मी रोज बघतो. त्यांना हात जोडून सांगायचे आहे, की ते लोखंड तुमच्या भाच्याची टाच वाचवते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून आणखी एक नियम लागू आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. या नियमात पादत्राणाचा उल्लेख नाही. तो आपण आपल्या घरात जोडून घेऊ: दुचाकीवर मूल बसणार असेल, तर त्याच्या पायात मागे पट्टा असलेले आणि घट्ट बसलेलेच काहीतरी हवे.

आता शेतात जाऊ. मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून झालेली असते, तुरी कापलेल्या असतात, आणि वावरात धसकटे उभी असतात. तुरीचे तिरपे कापलेले धसकट किती धारदार असते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. धुऱ्यावर बाभळी आणि बोरी असतात. मुले याच वावरांतून कैऱ्यांना जातात, शेळ्यांमागे जातात. पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या कोलाम आणि गोंड कुटुंबांतली मुले आईवडिलांसोबत जंगलात असतात.

घासलेली स्लीपर काट्याला अडवत नाही. टाचेखालची जागा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबा. दोन्ही बोटे एकमेकांना जाणवली, तर त्या चपलेचा तळ संपला. अशा तळातून बाभळीचा काटा सरळ आत जातो, आणि जाताना रबराचा किंवा फोमचा बारीक तुकडाही घेऊन जातो. घामाने भिजलेल्या फोमात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात. खिळा किंवा काटा बुटाच्या तळातून पायात घुसल्यावर हे जंतू हाडापर्यंत पोचून हाडात पू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. काटा निघाला, दोन दिवस बरे वाटले, आणि आठवड्याने पाय पुन्हा ठणकू लागला, तर त्याला कुरूप समजून घरी बसू नका. आणि धनुर्वाताची लस: दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचे झाल्यावर बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा. ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. मुलाचे कार्ड आजच काढून बघा.

साप आणि विंचू यांच्याबद्दल आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगण्याची गरज नाही, पण एक आकडा सांगतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले पावपेक्षा जास्त मृत्यू १५ वर्षांखालच्या मुलांचे होते, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे उन्हाळा संपता संपता, पहिल्या पावसानंतर, शाळा उघडण्याच्या सुमारास धोका वाढतो. त्या वेळी मुलाच्या पायात असते ती उन्हाळ्यात झिजलेली चप्पल. विंचवावर महाराष्ट्राने जगाला उपचार दिला. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू रोखले. पण उपचार असला तरी दंश न होणे चांगले. पाऊल झाकणारे पादत्राण घाला, ते घालण्याआधी उलटे करून आपटा, आणि रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्या. दंश झालाच तर वर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा आणि १०८ वर फोन करा.

विदर्भाच्या उन्हाळ्यात घराच्या आतही एक धोका असतो. कूलर. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली सांडलेले पाणी आणि ओल्या फरशीवर अनवाणी मूल. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मुले दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पायात कोरडी रबरी चप्पल असेल तर थोडा आधार मिळतो, पण ओली, झिजलेली किंवा तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली चप्पल भरवशाची नाही. म्हणून चपलेवर न थांबता अर्थिंग तपासून घ्या, गळती विजेवर बंद होणारा स्विच बसवून घ्या, आणि पाणी भरताना आधी प्लग काढा.

सुट्टीत नागपूरला जाणाऱ्यांसाठीही एक सूचना. मॉल, मेट्रो आणि रेल्वे स्थानकांत सरकते जिने आहेत. आपल्याकडे ज्यांना सरसकट क्रॉक्स म्हणतात, त्या मऊ फोमच्या सपाता जिन्याच्या कडेला घासल्या की मऊपणामुळे फटीत ओढल्या जातात आणि मुलाची बोटे सोबत जातात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००८ मध्ये असा इशारा दिला. जानेवारी २००६ पासून सरकत्या जिन्यात पाय अडकण्याच्या ७७ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतल्या दोन सोडून बाकी सगळ्या मऊ, लवचिक सपातांच्या होत्या, आणि निम्म्या घटनांत इजा झाली होती. जिन्यावर मुलाचा हात धरा, त्याला मधोमध उभे करा, पिवळ्या रेषेपासून पाय दूर ठेवा. हे फोम तापलेल्या उन्हात आकसतेही. आज नीट बसणारी सपाता आठवडाभर अंगणात उन्हात राहिली, तर बोटांना काचू शकते.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सोपे आहे. मुलांना बंद बूट घाला. इथेच मला आपल्या जिल्ह्याचा एक कडू धडा आठवतो.

२०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्यानंतर संरक्षक कपडे, मास्क, हातमोजे यांची पुष्कळ चर्चा झाली. पण दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन जो पोशाख अर्धा तासही अंगावर ठेववत नाही, तो घरी खुंटीवरच राहतो. संरक्षण कागदावर असते आणि माणूस उघडाच असतो. मुलांच्या बुटांचेही तसेच आहे. काळा, बंद, कृत्रिम चामड्याचा बूट आणि नायलॉनचे पायमोजे एप्रिलमध्ये घालून बघा. अर्ध्या तासात पाय भिजतो, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, खाज सुटते, फोड येतात. मूल बूट काढून हातात घेते आणि अनवाणी चालू लागते. त्याचे काही चुकत नाही. जे या हवेत घालवत नाही, त्याला मी संरक्षण म्हणणार नाही. आणि ज्या जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापूस पिकतो, तिथल्या मुलांच्या पायांत सुती मोजे असू नयेत, याचे मला मनापासून दुःख होते.

मग हवे काय? बोटे पुढून झाकलेली, मागे टाचेला पट्टा, बाजूंनी मोकळी, अशी सँडल. बाजारात तिला फ्लोटर म्हणतात; पुढून बंद असलेली बघून घ्या. वेल्क्रोचा पट्टा असला तर लहान मुलालाही तो स्वतः लावता येतो. तळ असा हवा, की दोन्ही हातांनी वाकवल्यावर तो बोटांच्या मुळाशी वाकेल, मधोमध दुमडणार नाही आणि पिळल्यासारखा फिरणार नाही. खाली नक्षी खोल हवी, म्हणजे हातपंपाच्या चौथऱ्यावर पाय घसरणार नाही. धातूचे बकल टाळा, ते उन्हात तापते. नाकात जाईल इतका उग्र वास येणारी, हाताला चिकट लागणारी प्लॅस्टिकची चप्पल रांगत्या मुलाला देऊ नका. ते ती तोंडात घालते. पीव्हीसी मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची रसायने वापरतात. त्यांतल्या चारांवर युरोपीय संघाने जुलै २०२० पासून पादत्राणांसकट रोजच्या वापराच्या वस्तूंत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे.

माप असे घ्या. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मुलाला वर्तमानपत्रावर उभे करा. बसलेल्या मुलाचे पाऊल आखूड भरते. दोन्ही पावलांभोवती पेन्सिल उभी धरून रेघ काढा. दोन पावलांत थोडा फरक असतोच. मोठे पाऊल धरा. सर्वांत लांब बोटापुढे एक-सव्वा सेंटिमीटर जागा सोडा. वाढीसाठी तेवढी पुरते, दोन नंबरांची गरज नाही. हा कागद कापून बाजारात न्या आणि चपलेत घालून बघा. काडीला जे कळत नव्हते, ते कागदाला कळते. आणि दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा काढा.

एवढे घरी करता येईल. पण सगळा भार घरांवर टाकणे मला मान्य नाही, कारण ज्यांच्या मुलांना सर्वाधिक धोका आहे, त्यांच्याच हाती सर्वांत कमी पैसा आहे.

म्हणून सरकारकडे माझी पहिली मागणी: विदर्भातल्या मुलांना वर्षात दुसरी जोडी फेब्रुवारीत द्या, आणि ती सँडल असू द्या. एका बुटाने वर्ष निघत नाही, हे मुलाच्या पायाच्या वाढीतच लिहिलेले आहे. उन्हाळी जोडीच्या मापाचा कागद जानेवारीत वर्गशिक्षक घेऊ शकतील. दुसरी मागणी: मार्च ते जून या काळात विदर्भातल्या शाळांनी काळ्या बंद बुटांचा आग्रह धरू नये, असे स्पष्ट पत्रक काढा. तिसरी: संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून याच व्यवसायासाठी आहे. आपल्या हवेला साजेशा मुलांच्या सँडल इथल्या चर्मकार कारागिरांकडून करवून घ्या. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या पायाचे माप घेण्याचे कसब आहे, ते आज रस्त्याकडेला पट्टे शिवत बसले आहेत. मुलांना चांगली सँडल आणि त्यांना काम, दोन्ही एकाच खर्चात साधेल.

चौथी गोष्ट दर्जाची. केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांवर भारतीय मानकांचे बंधन आले आहे. साध्या हवाई चपलेलाही आयएस १०७०२ हे मानक आहे. पण लहान उत्पादकांना त्यातून सूट आहे, आणि आठवडी बाजारातला बराच माल त्यांच्याकडूनच येतो. लहान कारखाने बंद पडावेत, असे मी म्हणत नाही. निदान मुलांच्या चपलांसाठी तळाची जाडी आणि पट्ट्याची मजबुती यांची सोपी तपासणी त्यांनाही लागू व्हावी, आणि त्यासाठी लागणारी मदत सरकारने करावी.

ग्रामपंचायतींना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना मी एवढेच म्हणेन: वर्गाबाहेर चपला काढायला लावत असाल, तर त्या सावलीत ठेवायला रॅक द्या. पोषण आहाराची रांग पेव्हर ब्लॉकवर उन्हात उभी करू नका. शाळेपासून वस्तीपर्यंतच्या वाटेवर झाडे लावा आणि जगवा. यात्रेत, मंदिराच्या आवारात दुपारी फरशीवर चुन्याचा पांढरा पट्टा मारा, तरट टाका, पाणी शिंपडा. मुले तिथेही अनवाणीच असतात.

गुढीपाडव्याला आपल्याकडे नवी खरेदी होते. या पाडव्याला प्रत्येक घराने मुलाच्या पावलाचा कागद काढावा, आणि जमेल त्या घराने आपल्या मुलाबरोबर शेजारच्या एका मुलाचीही जोडी आणावी. इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की परीक्षेच्या तयारीतून एक तास काढून वर्गातल्या प्रत्येक मुलाचे पादत्राण उलटे करून बघा, झिजलेल्यांची यादी करा आणि ती समितीपुढे ठेवा. समितीने ती यादी पंचायतीकडे न्यावी, आणि पंचायतीने ती आपल्या आमदारांच्या हातात द्यावी. दुसऱ्या जोडीची मागणी मी आज या व्यासपीठावरून केली आहे. तिच्यामागे गावोगावच्या याद्या उभ्या राहिल्या, तरच ती मुंबईपर्यंत पोचेल. हे काम या उन्हाळ्यातच सुरू करू या.